खणातला राजीनामा

सासूबाईंनी राजीनामा लिहून ठेवला होता, पण दिला कधीच नव्हता. धुलाई कारखान्याच्या माळ्यावरच्या कचेरीत त्यांचं टेबल होतं. त्या टेबलाच्या डाव्या खणात, टाचण्यांच्या डबीखाली तो कागद असायचा. ही काही गुपित गोष्ट नव्हती. खाली इस्त्री करणाऱ्या बायकांना ठाऊक होती, गाडीवाल्या काकांना ठाऊक होती, खुद्द साहेबाला ठाऊक होती.

साहेब चारचौघांत काही लागट बोलला की बाई जेवणाच्या सुट्टीत डब्याआधी खण उघडायच्या आणि त्या कागदाला एक वाक्य जोडायच्या. मग खाली इस्त्रीखात्यात डबा घेऊन गेल्या की बायका विचारायच्या, "काय टाचणीबाई, आज किती वाढला?"

बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायच्या आणि उभ्या राहून पहिल्यापासून वाचायच्या.

"महोदय, टेबल पुसायचं फडकं आणि टेबलावर काम करणारं माणूस यांतला फरक आपल्याला कळत नाही, हे मी अनेक वर्षं नम्रपणे पाहत आले आहे. महोदय, आपल्या चुकीच्या बेरजा मी दुरुस्त केल्या आणि माझ्या बरोबर बेरजांबद्दल आपण मला ओरडलात. महोदय, माझा नवरा गेला त्या आठवड्यात आपण मला रजा दिलीत आणि आल्यावर विचारलंत, मजा केली का."

इथवर हसणाऱ्या बायका या वाक्याला गप्प व्हायच्या आणि पुढच्या वाक्याला दुप्पट हसायच्या. वाचन संपलं की बाई कागदाची घडी घालायच्या आणि निवांत जेवायच्या. त्या दिवसाचा राग तिथे संपायचा.

साहेब हे सगळं चालू देत होता. का नाही देणार? माणसं खाली बसून हसतात तोवर वर येऊन भांडत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. फुकटात पडत होतं त्याला ते हसणं.

कागदावर तारीख नव्हती. "तारीख घातली की कागद शिळा होतो," असं बाई म्हणायच्या. सही मात्र होती, खाली उजवीकडे, ठसठशीत. सही नसलेल्या कागदाला त्या कागदच मानत नसत.

आणि राजीनामा द्यायचा नव्हता याला कारणही होतं. निवृत्तीचं वय पूर्ण करून जो जाईल त्याला कारखाना एकरकमी पैसे देत असे. मध्येच सोडणाऱ्याच्या हातावर काही नाही. बाईंचं वय पूर्ण व्हायला आता थोडाच काळ उरला होता. त्या पैशांतून घराला मागे एक खोली काढायची, हे ठरलेलं होतं. मुलगा, सून आणि त्या स्वतः, तिघं एका खोलीत झोपत होते, मध्ये चादरीचा पडदा लावून. लग्न झाल्यापासून सून रात्री मोठ्याने शिंकलीसुद्धा नव्हती.

सुनेला संध्याकाळच्या वर्गात घातलं तेही बाईंनीच. "हिशेब आणि कार्यालयीन कामकाज" असा तो वर्ग होता. सून तेव्हा एका गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावायची. बाई म्हणाल्या, "चिकटपट्टी लावून जन्म काढणार आहेस का? अक्षर चांगलं आहे तुझं. जा."

वर्गाच्या मॅडमचा पाठांतरावर विश्वास नव्हता. सगळं प्रकल्पातून. पहिल्या प्रकल्पात प्रत्येकीने एक खोटं दुकान काढायचं, खोटा माल घ्यायचा, खोटा विकायचा आणि कीर्द, खतावणी, ताळेबंद मात्र खरा करायचा. एकीचं खोटं दुकान बुडालं तर ती खरी रडली. मॅडम म्हणाल्या, "रडा, पण आधी तोटा कुठल्या बाजूला मांडायचा ते सांगा." दुसरा प्रकल्प वर्गाच्या चहाचा. डब्यात पैसे ठेवायचे, प्रत्येक कपाचं व्हाउचर करायचं, आठवड्याअखेर ताळा जमवायचा. सुनेच्या आठवड्यात एक कप जास्त निघाला. तो शेवटी मॅडमनीच प्यायलेला होता.

तिसरा प्रकल्प खरा होता. प्रत्येकीने एका चालत्या कचेरीत जायचं, एक टेबल घ्यायचं आणि त्या टेबलावरचा एकूण एक कागद मार्गी लावायचा. आलेल्याला आवक नंबर, गेलेल्याला जावक नंबर, ज्याच्या हाती दिला त्याची पोचवहीत सही. शेवटी मॅडम स्वतः येऊन पाहणार. वर्गातल्या निम्म्या बायकांना कुणी दारात उभं केलं नाही. सुनेला तसं काही झालं नाही. बाईंनी साहेबाला विचारलं, आणि फुकट हात मिळतोय म्हटल्यावर साहेब नाही कशाला म्हणेल?

"कचेरीत मला आई म्हणायचं नाही," बाईंनी पहिल्याच दिवशी जिन्यात सांगितलं.

"मग काय म्हणू?"

"बाई म्हण. नाहीतर काहीच म्हणू नकोस, टेबल वाजव."

माळ्यावर खालच्या भट्ट्यांची वाफ यायची. कागद वळायचे, शिक्क्याची शाई फुटायची. बाई शिकवायच्या ते वर्गात शिकवत नसत. "आधी कागद हातात घेऊन बघ. दमट असेल तर खालचं चलन आहे, धुतलेल्या कपड्यांबरोबर आलंय. कोरडा असेल तर बाहेरचं टपाल. वाचायच्या आधी निम्मी वर्गवारी होते." आणि दुसरं, "खाडाखोड करायची नाही. चुकलंच तर एकच रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, बाजूला कारण आणि सही. पण माझ्या नोंदवहीत अशी रेघ तुला सापडायची नाही. शोध."

सुनेने शोधली. सापडली नाही.

प्रकल्प निम्मा झाला तेव्हा बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. डोळ्याला पट्टी बांधून त्या खाटेवर पडल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आता टेबल तुझं. खणसुद्धा तुझे. तुझी ती मॅडम आली तर माझी लाज जाईल असं काही दिसू देऊ नकोस."

मॅडम आल्या त्या दिवशी सुनेचं टेबल आरशासारखं होतं. मॅडमनी नोंदवही पाहिली, पोचवही पाहिली, किरकोळ खर्चाची व्हाउचरं उलटसुलट करून पाहिली. चूक निघेना तशी त्यांना मजा येऊ लागली. परीक्षा घेणाऱ्याला चूक निघाली नाही की चैन पडत नाही. त्यांनी खण उघडला. टाचण्यांची डबी उचलली.

"आणि हा?"

सून घाईने पुढे झाली. "तो असाच आहे, मॅडम. गमतीचा आहे."

"कचेरीत गमतीचा कागद नसतो. याच्यावर सही आहे. आवक नंबर कुठाय?"

"तो दिलेला नाही ना. नुसता लिहून ठेवलाय. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे, ही काय नोंद झाली का?" मॅडम हसून म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, शिकवत होत्या. "हे बघ. सही केलेला कागद टेबलात सापडला तर दोनच गोष्टी करता येतात. एक तर नंबर, नाहीतर टोपली. ठरव."

सुनेने टोपलीकडे पाहिलं. तीत चहाचे कागदी कप होते, पेन्सिलीचं ओलं कातण होतं. त्या कागदातली वाक्यं तिने घरी जेवताना ऐकली होती. सासू हातवारे करून म्हणायची आणि मुलाला ठसका लागायचा. नवरा गेल्याचं वाक्य तर सासूने कधी हसत म्हटलं नव्हतं. तो कागद कपांवर टाकायला तिचा हात उठेना. फाडायचा तर त्याहून उठेना.

म्हणून तिने शिक्का मारला. एवढंच झालं. तो कागद तिला जपावासा वाटला, आणि जपायची जी एकच रीत तिला शिकवलेली होती ती तिने वापरली. शिक्क्यात त्या दिवसाची तारीख होती. नोंदवहीत तिने सुरेख अक्षरात लिहिलं: विषय, राजीनामा. कागद दिवसाच्या टपालात ठेवला आणि मनात म्हणाली, मॅडम गेल्या की हा वैयक्तिक फायलीत लावून टाकू.

पण मॅडम गेल्या त्या साहेबाच्या केबिनमध्ये, दिवसाच्या टपालाची फाईल घेऊनच. आपली विद्यार्थिनी किती नीट काम करते ते दाखवायचं होतं त्यांना. काचेतून सुनेला दिसलं, साहेब पानं उलटत होता आणि सह्या करत होता. एका पानाशी थांबला. विषय वाचला असणार. वर बघून काचेतून तिच्याकडे पाहिलं. मग हसला आणि लिहिलं.

फाईल परत आली तेव्हा त्या कागदाच्या कोपऱ्यात एकच शब्द होता. मंजूर.

ती धावत आत गेली. "साहेब, तो चुकून आला. तुम्हाला माहीत आहे तो कागद."

"मला काय माहीत आहे? माझ्याकडे आवक झालेला कागद आला, मी निकाली काढला." तो मॅडमकडे वळला. "फार छान तयार केलंय हो तुम्ही हिला. मंजुरीचं पत्र तूच टाईप कर. जावक नंबर घाल. पोच घेऊन ये."

मॅडमना आपण काय केलं ते कळलं नाही. त्यांनी प्रकल्पाला पैकीच्या पैकी गुण दिले आणि पुढच्या कचेरीची वेळ गाठायला जिना उतरल्या.

संध्याकाळी घरी सून पाय धुवून खाटेजवळ बसली. बाईंनी एका डोळ्याने तिला न्याहाळलं. "काय झालं? ताळा जमला नाही?"

तिने सांगितलं. सगळं, क्रमाने, काही न लपवता. तिचा नवरा जेवता जेवता उठला, "मी जाऊन त्याचं थोबाड फोडतो," म्हणाला आणि जाग्यावरच उभा राहिला. पेट्रोल पंपावर कामाला होता तो. थोबाड फोडणाऱ्याला पंपावर कोण ठेवील?

बाईंनी पट्टी सारखी केली. मग म्हणाल्या, "वाचला का त्याने?"

"काय?"

"कागद गं. सगळा वाचला का?"

सून खोटं बोलू शकली असती. "नाही, आई. विषय बघितला आणि सही केली."

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "एवढी वर्षं लिहीत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, एक दिवस वाचेल आणि त्याच्या तोंडचं पाणी पळेल."

सकाळी त्या पट्टीसकट कचेरीत गेल्या. डॉक्टरने जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं. इस्त्रीवाल्या बायका कामं टाकून जिन्याशी जमल्या. आज किती वाढला, असं कुणी विचारलं नाही.

साहेबाने त्यांना खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. तो कागद त्याच्यासमोर पसरलेला होता. दरम्यान त्याने तो वाचला होता, आणि चेहरा कालच्यासारखा हसरा नव्हता.

"बाई, मी काही वाईट माणूस नाही," तो म्हणाला. असं म्हणणाऱ्याच्या पुढच्या वाक्याला जपावं. "मागे घ्यायचा असेल तर घ्या. मंजुरीच्या पत्राची अजून पोच झालेली नाही. एक अर्ज लिहा, यातलं प्रत्येक वाक्य खोटं आहे, रागाच्या भरात लिहिलं आणि त्याची मला लाज वाटते. खाली सही करा. मी हे आणि ते दोन्ही फायलीला लावतो. विषय संपला."

"दोन्ही फायलीला?"

"हो. नोंद झालीय ना. तुमच्याच सुनेने केलीय."

ज्या माणसाच्या केबिनमधून मागच्या तारखांची बिलं निघत, चलनं गायब होत, तो नोंदीचं नाव घेत होता. आणि ऐकणारी बाई नोंद खोडायची नाही म्हणून जन्मभर स्वतःच्या डोळ्यांची माती करून बसली होती. नियम पाळतो त्यालाच नियम दाखवले जातात. पाळत नाही त्याला कोण काय दाखवणार?

बाई आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून सून लिहायला बसली.

"आई, मी नोंदच खोडते," सून हळूच म्हणाली. कचेरीत आई म्हटल्याचं तिला कळलंही नाही. "एक रेघ मारते. चुकून नोंद झाली असं लिहून सही करते. खरंच आहे ते. मग कागद आलाच नाही असं होईल."

"मंजूर कशावर लिहिलंय मग त्याने? हवेवर?" बाई म्हणाल्या. "तुझ्यावर येईल ते. प्रकल्पही जाईल आणि पुढे कुठे उभं करणार नाहीत. लिही तो म्हणतो तसं."

सुनेने लिहिलं. महोदय, माझ्या राजीनाम्यातील प्रत्येक वाक्य खोटं आहे.

"वाच."

तिने वाचलं. बाईंनी पेन घेतलं. सही कुठे करायची ते दिसेना म्हणून सुनेने त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं. बोट तिथेच राहिलं. पेन पुढे जाईना.

"प्रत्येक म्हणजे ते रजेचं पण?" बाईंनी विचारलं.

सुनेने केबिनकडे पाहिलं.

"ते काढून बाकीचं खोटं म्हणता येईल का, विचारून ये."

सून गेली आणि आली. साहेब म्हणाला होता, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मी काय बाजारात बसलोय का भाव करायला?

बाई थोडा वेळ पेन धरून बसल्या. खालून वाफेचा भपकारा आला आणि टेबलावरचा अर्ज कडेने वळायला लागला. त्यांनी तो तळहाताने सपाट केला, सवयीने. मग बाजूला सरकवला.

"पोचवही दे."

"आई, नको ना. खोली..."

"दे म्हणते ना. जावक नंबर घातलास का पत्रावर?"

"घातला."

"तारीख?"

"घातली."

मंजुरीच्या पत्राची पोच म्हणून त्यांनी सही केली. ओळीच्या थोडी खाली गेली. आजवर ओळ सोडून सही केलेली त्यांची ती पहिलीच. टाचण्यांची डबी पिशवीत टाकली, ती त्यांची स्वतःची होती. इस्त्रीवाल्यांतल्या एकीने जिन्यात त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, "बाई, जिंकलात तुम्ही." बाई म्हणाल्या, "वाटेत उभी राहू नकोस गं, मला पायरी दिसत नाही."

गोष्ट इथे थांबवली तर बाईंची मान ताठ दिसते आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण बाईंना बरं वाटत नव्हतं. पट्टी निघाली, चष्म्याचा नंबर बदलला, आणि एके दिवशी कांदा चिरता चिरता त्या सुनेला म्हणाल्या, "करायला हवी होती सही."

"कशावर?"

"त्या अर्जावर. खोटं आहे म्हणायला काय जात होतं? सगळं जग म्हणतं. त्या एका ओळीपायी खोली घालवली मी तुमची. मेलेल्या माणसाला काय फरक पडणार होता?"

"आई, चूक माझी होती. शिक्का मी मारला."

"तू शिकलीस तसं केलंस." बाईंनी डोळे पुसले, कांद्याचं निमित्त होतं. "मी तो लिहून ठेवायलाच नको होता. रोज उठून घडी घालून ठेवला. एकदा तरी तोंडावर बोलले असते तर हे सगळं झालं नसतं."

नवरा पडद्यापलीकडून म्हणाला, "झालं ते झालं." पडदा तसाच होता.

सुनेला वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं, पहिल्या श्रेणीचं. मॅडमनी तिच्या नोंदवहीच्या एका पानाची प्रत काढून फळ्याशेजारी लावली, नव्या बायकांना बघायला. एकही खाडाखोड नाही, सगळे रकाने भरलेले. त्या पानावर मधोमध राजीनामा ही नोंद होती. पान दुसरं लावा म्हणून सांगायला सून एकदा वर्गात गेली, पण मॅडम शिकवत होत्या आणि बायका मान खाली घालून तिचं अक्षर गिरवत होत्या. ती दारातूनच फिरली.

आणि खुर्ची तिलाच मिळाली. शिकाऊ म्हणून, बाईंच्या निम्म्या पगारावर. नाही म्हणायची सोय नव्हती, घरातला एक पगार बंद झाला होता. बाई स्वतः म्हणाल्या, "बस तिथे. परकी बसली तर मला जास्त लागेल." रोज सकाळी सून निघाली की बाई दारापर्यंत येतात आणि विचारतात, "रुमाल घेतलास? शाईला लागतो." मग दारात उभ्या राहतात. त्यांच्या निघायच्या वेळेला पाय अजून आपोआप दाराकडे येतात त्यांचे.

परवा साहेबाने सुनेला सगळ्यांसमोर सुनावलं. चूक त्याची होती, बेरीज त्याने चुकवली होती. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाल्या तिच्याकडे बघत होत्या. कुणी विचारलं नाही, पण सगळ्या वाट बघत होत्या. तिने खण उघडला, कोरा कागद काढला, महोदय लिहिलं आणि थांबली. कागदाची घडी घालून पिशवीत टाकली.

रात्री जेवताना तिने सासूला ते सांगितलं. बाईंनी हात पुढे केला, "बघू." तो एका शब्दाचा कागद नव्या चष्म्यातून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला. अक्षर चांगलं आहे म्हणाल्या. मग परत देताना म्हणाल्या, "वर तारीख घाल."

"शिळा होईल ना."

"होऊ दे. घालणार असशील तर लिही. नाहीतर लिहू नकोस."

सुनेने पिशवीतून पेन काढलं. मग दुसऱ्या दिवशीचा डबा भरायचा होता म्हणून ते तिथेच ठेवलं आणि उठली.